पिणाऱ्यांचं मंडळ, सोडणाऱ्यांची मिटिंग

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आहे. १९१९ साली नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हापासून मराठी प्रेक्षक त्या मंडळाच्या बैठकीला पोट धरून हसत आलाय. मंडळात माणसं आहेत, वाद आहेत, एकमेकांना धरून राहणं आहे. नाटकाचा नायक सुधाकर दारू सोडायची शपथ घेतो तेव्हा मात्र तो एकटा असतो. बायको आहे, मित्र आहे. पण दारू सोडलेल्या माणसांची अशी बैठक त्याला कुठं नाही. सुधाकराच्या मनाच्या दुबळेपणावर आपण शंभर वर्षं बोलतोय. पिणाऱ्यांना मंडळ होतं आणि सोडणाऱ्याला नव्हतं, हे मला तरी त्याहून मोठं कारण वाटतं.

खालचा संवाद मामा-भाच्याचा आहे. दोघंही मी रचलेले. वाद मात्र घरोघरी चालणारा. मामा बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, राहणार लालबाग, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे म्हणजे एएचे जुने मेंबर. भाचा कऱ्हाडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वाढलेला. पाडव्याच्या मुहूर्तावर (मुहूर्त न मानणाऱ्याने!) त्याने आपल्या मनाने दारू बंद केली आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्याला फिट आली. दवाखान्यातून सुटल्यावर आईने हवापालटाला म्हणून मुंबईला धाडलाय. लालबागला हवापालटाला कोणी जात नाही, हे तिलाही कळतं.

भाचा : मामा, आधीच सांगून ठेवतो. मी मिटिंगला येणार नाही.

मामा : मी कुठं चल म्हटलं?

भाचा : आईने फोन केला असणार.

मामा : केला. पण तिचं म्हणणं वेगळंच आहे. तू माळ घालावीस म्हणते.

भाचा : माळ! शाळाशाळांतून बुवांचे चमत्कार उघडे पाडत हिंडलो मी, आता तुळशीची माळ घालून हिंडू?

मामा : आपल्या गावात माळ घातल्यावर किती जणांची सुटली, आठव बरं.

भाचा : सुटली काहींची. नाही कशाला म्हणू? पण ती श्रद्धेने सुटली.

मामा : माळेनं सुटते का दिंडीनं, हा विचार कर. माळ घातली की संध्याकाळी उठायची-बसायची माणसं बदलतात. हरिपाठाला जावं लागतं. दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी दारात येऊन विचारतं, काय रे, बरं नाही का? मी काही वारकरी नाही. पण संध्याकाळी साडेसातला माणूस कुठं आणि कोणाशेजारी बसलाय, ह्यावर पुष्कळ अवलंबून असतं, हे मी शिकलोय.

भाचा : माझा प्रश्न निश्चयाचा आहे. मी मनावर घेतलं तर...

मामा : पाडव्याला घेतलं होतंस की.

भाचा : तो शरीराचा भाग झाला, मनाचा नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दडपणाखाली काम करायला सरावतो. ती एकदम काढून घेतली की मज्जासंस्था उसळते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. पुढे दोन-तीन दिवसांत भास, थरकाप, ताप. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, त्यात माणूस दगावतोसुद्धा. ते टाळायला डॉक्टर ठरावीक गोळ्या हळूहळू कमी करत देतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात.

मामा : इतकं माहीत असून एकट्याने बंद केलीस?

भाचा : माहीत वॉर्डात पडल्यावर झालं.

मामा : आमच्याकडे रोजचा पिणारा आला आणि 'आजपासून बंद' म्हणाला की आम्ही आधी त्याला डॉक्टरकडे धाडतो. मिटिंग कुठं पळून जात नाही.

भाचा : मग तेच म्हणतोय मी! डॉक्टर असताना तुमच्या मंडळींची गरज काय?

मामा : डॉक्टरने पुन्हा कधी बोलावलंय?

भाचा : पुढच्या महिन्यात.

मामा : आणि तोपर्यंत संध्याकाळी?

भाच्याला निदान डॉक्टर तरी मिळाला. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसली तरी मदत किंवा उपचार मिळाल्याचं तीत दिसलं. बाकीचे ३७ जण शपथा घेत असणार. आईची, पोरांची, देवाची. शपथ फुकट असते आणि घरात कुणाला तरी तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

भाचा : मामा, तुमच्या एएच्या त्या बारा पायऱ्या मी वाचल्यात. तिसऱ्या पायरीला इच्छा आणि आयुष्य देवाच्या स्वाधीन करायचंय. हे मला जमणार नाही.

मामा : त्यापुढचे शब्द वाचलेस? ज्याला देव जसा समजेल तसा.

भाचा : ही पळवाट झाली.

मामा : झाली. पण सुरुवातीच्या मेंबरांत तुझ्यासारखे नास्तिक होते, त्यांनी भांडून ठेवून घेतलेली पळवाट आहे ती. माझं विचारशील तर आमच्या ग्रुपात एक म्हातारा होता. मिटिंग संपली की बॅनर गुंडाळून पिशवीत घालायचा आणि घरी जायचा. मला दारूशिवाय झोप येत नव्हती, त्याला येत होती. म्हणजे माझ्याहून मोठी शक्ती झालीच की नाही? पहिली काही वर्षं मी त्याच्यावरच भागवलं.

भाचा : त्यापेक्षा मी साताऱ्याला 'परिवर्तन'मध्ये जातो. दाभोलकरांनी उभं केलेलं व्यसनमुक्तीचं केंद्र आहे. तिथं कोणी मला कुणाच्या स्वाधीन करणार नाही.

मामा : जा ना. उद्या जा. नाहीतर पुण्याला मुक्तांगणात जा. अनिता आणि अनिल अवचटांनी पुलं-सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ साली काढलं, आणि आपल्याकडे दारुड्याकडे पेशंट म्हणून बघायला लोक शिकले ते बरंचसं तिथूनच. पस्तीस दिवस ठेवतात. माझा सवाल छत्तिसाव्या दिवसाचा आहे. त्या दिवशी तू स्वारगेटला एसटी धरणार आणि कऱ्हाडला उतरणार.

भाचा : त्यांचा पाठपुरावा असतो.

मामा : असतो. आणि तो कसा असतो? गोल बसून, एकमेकांना सांगूनच ना? नाव वेगळं असेल. माझं एएवर अडलेलं नाही. तू कुठंतरी बस, एवढंच.

भाचा : भावनेचं झालं. आता पुराव्याचं बोलू. काल रात्री झोप येईना तर शोधत बसलो. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, वैद्यकातले अभ्यास एकत्र करून तपासते. २०२० मध्ये त्यांनी एएवरचे २७ अभ्यास तपासले, सगळी मिळून १०,५६५ माणसं.

मामा : मग काय निघालं?

भाचा : (नाइलाजाने) डॉक्टर-समुपदेशकांनी माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलं, तर वर्षभराने अजिबात न पिणारे शंभरात ४२ निघाले. दुसऱ्या मानसोपचारांत ३५.

मामा : मग झालं की!

भाचा : झालं काय? ५८ जण प्यालेच ना! शिवाय बरेचसे अभ्यास अमेरिकेतले. आणि आकडा नीट ऐका, नुसतं मिटिंगला जा म्हणून सांगितलेल्यांचा नाही तो. डॉक्टरने बोट धरून जोडून दिलेल्यांचा आहे.

मामा : म्हणजे डॉक्टर आणि मिटिंग दोन्ही. मी वेगळं काय म्हणत होतो? आणि ते ५८. प्याले म्हणजे संपले नाहीत रे. माझ्याही स्लिप झाल्यात. पहिली स्लिप झाल्यावर मी तोंड लपवून बसलो. ग्रुपातल्या एकाने डेपोच्या गेटवर येऊन एवढंच विचारलं, गुरुवारी येतोस ना? का प्यालास, हे त्याने विचारलं नाही. घरात तो एक प्रश्न सोडून दुसरा कोणी विचारत नव्हतं.

भाचा : तुमच्या मिटिंगात होतं तरी काय? मला आपलं सत्संगासारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं.

मामा : माझी पहिली मिटिंग म्युनिसिपालिटीच्या शाळेत होती, तिसरीच्या वर्गात. बाकं एवढीशी, गुडघे आत जाईनात. भिंतीवर पाढे. एका खिळ्याला कापडी बॅनर अडकवलेला. एकाने प्लॅस्टिकच्या कव्हरातला कागद वाचला: आम्ही कोण, वर्गणी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मग एकेक जण उठला, नाव सांगितलं, मी अल्कोहोलिक आहे म्हणाला आणि आपलं बोलला. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, 'असं करायला हवं होतंस' म्हणत नाही. पिशवी फिरते, असतील तर दहा रुपये टाक, नसतील तर पुढं सरकव. बाहेरच्याकडून देणगी घ्यायची नाही हा नियम, नाहीतर केव्हाच कोणा पुढाऱ्याने आमच्या शाळेच्या भिंतीवर स्वतःचा फोटो लावला असता. तास-दीड तासात संपतं.

भाचा : बस?

मामा : शेवटी चहा. माझे हात तेव्हा असे कापायचे की तिकिटाला पंच मारता येत नव्हता. सगळ्यांना भरलेले कप देत देत तो म्हातारा माझ्यापाशी आला आणि माझा कप त्याने अर्धाच भरला. बोलला काही नाही. भरलेला कप माझ्या हातून सांडणार, हे त्याला ठाऊक होतं. मला कळलं, ह्याचेही हात कधीतरी कापत होते. डॉक्टरने मला लिव्हरचं चित्र दाखवलं होतं, तुझ्या मामीने पायांवर पोर घातलं होतं, तेव्हा जे झालं नाही ते त्या अर्ध्या कपाने झालं.

भाचा : हे तुम्ही कित्येकदा सांगितलं असणार.

मामा : आठवड्याला सांगतो. तेच तर काम आहे.

भाचा : मला नेमकी तीच भीती आहे. रोज त्याच कहाण्या. दारूच्या गोष्टी ऐकून तलफ येत नसेल?

मामा : येते. आणि काही जण शेअरिंगच्या नावाखाली बढाया मारतात, तेही आहे. एका रात्रीत किती रिचवली ह्याचा हिशेब ऐकवतात. असा ग्रुप पटला नाही तर दुसरा धर. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी, जी भाषा म्हणशील ती मिटिंग आहे. परळची माणसं वेगळी, वांद्र्याच्या चर्चमधली वेगळी. चार-सहा ठिकाणी बसून बघ. आणि ऐक, कोणी मेंबर तुला म्हणाला की डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, खरी सोब्रायटी गोळीशिवाय, तर त्याचं ऐकायचं नाही. आमच्याच पुस्तिकेत छापलंय, मेंबराने डॉक्टर व्हायचं नाही. कोणी उसने पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. साधू होऊन कोणी येत नाही तिथं.

भाचा : आणि मी तिथं जाऊन काय देणार? सगळे माझ्यावर उपकार करणार आणि मी हात जोडून बसणार. घरात तेच चाललंय. आई, भाऊ, हेडमास्तर. प्रत्येकाने मला एकेक संधी दिलीय म्हणे.

मामा : आता बरोबर जागेवर आलास. तुला बिलची गोष्ट सांगतो.

भाचा : संस्थापकांची चरित्रं नकोत.

मामा : एका संध्याकाळची गोष्ट आहे. १९३५, मे महिना. बिल विल्सन, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. काही महिने दारू सुटलेली. धंद्याच्या कामाला ओहायोत अ‍ॅक्रन नावाच्या गावी गेला, काम फिसकटलं, खिसा रिकामा. हॉटेलच्या लॉबीत उभा. एका अंगाला बार, आतून हसण्याखिदळण्याचे आवाज. दुसऱ्या अंगाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे गेला आणि एकामागून एक पाद्र्यांना फोन लावत सुटला. काय मागितलं असेल त्याने?

भाचा : मदत. दुसरं काय?

मामा : मला एखादा दारुडा गाठून द्या म्हणाला, त्याच्याशी बोलायचंय. शेवटी एका बाईने गाठ घालून दिली ती डॉक्टर बॉब स्मिथशी. हा सर्जन. लिव्हरची चित्रं त्याला कोण दाखवणार? उपदेश तर आयुष्यभर ऐकलेला. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं बजावून आला आणि सहा तासांहून जास्त बसला. कारण समोरचा माणूस त्याला सुधारायला आलाच नव्हता. आज आपण पिऊ नये म्हणून आला होता. मध्ये एकदा बॉब घसरला, पण १० जूननंतर नाही. तीच तारीख आम्ही एएचा जन्म म्हणून धरतो. आपल्या देशात हे १९५७ पासून आहे.

भाचा : म्हणजे तुम्ही मला चल चल म्हणताय ते...

मामा : मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.

भाचा : बरं, न म्हणता म्हणताय ते. ते माझ्यासाठी नाही?

मामा : थोडं तुझ्यासाठी. जास्त माझ्यासाठी. मला सोडून इतकी वर्षं झाली की पहिले दिवस कसे होते ते पुसट होत चाललंय, आणि पुसट झालं की धोका. परवा एका लग्नात कोणीतरी ग्लास पुढे केला आणि मला वाटून गेलं, आता एकाने काय होतंय? त्या वेळी पुस्तक कामाला येत नाही. तू काल पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरलास ना, तो कामाला येतो.

भाचा : म्हणजे मी तुमचं औषध.

मामा : हो. औषधाने उपकाराचं ओझं घ्यायचं नसतं.

मला ह्या सगळ्या प्रकारात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपल्याकडे पिणाऱ्याच्या भोवती देणाऱ्यांची गर्दी असते. कोणी समज देतं, कोणी संधी देतं, कोणी शपथ देतं, आणि तो सतत घेणारा, म्हणजे सतत देणेकरी. देणेकऱ्याचं पाऊल घराकडे कमी आणि गुत्त्याकडे जास्त वळतं. तिथं निदान त्याच्याकडून कोणाचं काही येणं नसतं (उधारी सोडून). मिटिंगमध्ये तो अगदी रिकाम्या हाताने, कापत्या हाताने गेला तरी त्या खोलीतल्या जुन्या माणसाच्या उपयोगी पडतो. असा मान त्याला दुसरीकडे कुठं मिळत असेल असं मला वाटत नाही. देवाचा वाद खरा आहे, भाच्याच्या शंका खऱ्या आहेत. पण खोलीतला हा व्यवहार देवाशिवायही चालतो.

भाचा : सगळं मान्य केलं तरी मुंबईचं मुंबईत. कऱ्हाडात निनावी राहता येत नाही, मामा. पालक ओळखतात, भाजीवाला 'सर' म्हणतो. कोणी बघितलं तर?

मामा : प्यायला कुठं जात होतास?

भाचा : उंब्रजला. हायवेवर. शाळेतलं कोणी तिकडं फिरकत नाही.

मामा : म्हणजे प्यायला पंधरा-वीस किलोमीटर गेलेलं चालत होतं, आणि न पिण्याची सोय मात्र गल्लीत पाहिजे.

भाचा : आणि परवाना होता माझ्याकडे, बेकायदा काही नव्हतं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात अजून आहे, त्यामुळे प्यायला परवाना लागतो. आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी म्हणून. सरकारदरबारी मी तब्येतीसाठीच पीत होतो.

मामा : तब्येत दिसतेच आहे.

मामी : (आतून बाहेर येत) ह्यांचं झालं असेल तर माझं ऐक. लोकलच्या डब्यात चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या, 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा'. मी तसली पुडी आणली आणि आमटीतून द्यायला लागले. एका रात्री हे बाहेरून पिऊन आले, वर ती आमटी जेवले. तोंड लालबुंद, छाती भात्यासारखी, ओकाऱ्या थांबेनात. रात्री टॅक्सी करून दवाखाना गाठला. डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, काय दिलंत?

भाचा : डायसल्फिराम असणार, मामी. दारूशी गाठ पडली की त्याचं असंच होतं, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर देतात ते, पण पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तरच.

मामी : मला कोणी सांगितलं होतं? मग ह्यांच्या ग्रुपातल्या एकाच्या बायकोने मला अल-अ‍ॅनॉनला नेलं. घरच्यांची मिटिंग. त्या बिलच्या बायकोनेच, लोइसने, १९५१ साली काढली. मला वाटलं, नवऱ्याची दारू सोडवायची युक्ती सांगतील. एक अक्षर नाही! चिडून घरी आले. पुन्हा गेले ते रडायला जागा मिळाली होती म्हणून.

भाचा : मग शिकलात काय?

मामी : डेपोत फोन करून 'ह्यांना ताप आहे' सांगायचं बंद केलं. वर्षानुवर्षं सांगत होते. बंद केल्यावर पगार कापला गेला, त्या महिन्यात तेल उधार आणलं, सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. हे पहिल्यांदा मिटिंगला गेले ते त्यानंतर. त्यामुळेच गेले असं मी म्हणत नाही. पण ताप मी आणत होते तोवर ह्यांना जायची गरज नव्हती. तुझी बायको कुठाय?

भाचा : माहेरी.

मामी : तिला माझा नंबर दे. तू ये नाहीतर येऊ नको, तिने तुझ्यासाठी थांबायचं कारण नाही. आणि एक सांगू? आमच्या मजल्यावरची एक बाई प्यायची. तिला कोणी मिटिंगला नेलं नाही. तिच्या नवऱ्याने तिला माहेरी पोचवली आणि दुसरी केली.

मामी ह्या वादात कोणाच्या बाजूने आहेत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या शेवटच्या वाक्यावर मामा गप्प बसतात, आणि तेही बरोबरच आहे. पिणाऱ्या बाईला आपल्या समाजात फार थोडी दारं उघडी आहेत. मुक्तांगणात स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. एएत बायकांच्या वेगळ्या मिटिंगाही भरतात, पण त्या मोठ्या शहरांतून. तालुक्याच्या गावी पुरुषांनी भरलेल्या वर्गात एकट्या बाईने जाऊन बसायचं, तर तिची सोबत करायला आधी दुसरी बाई लागते. नवीन बाईला आधार बाईनेच द्यावा, असा जुन्या मेंबरांचा संकेत आहे. तो चांगला आहे. त्यासाठी बाई असायला हवी.

भाचा : समजा कऱ्हाडला मला बसायचंच झालं. शोधायचं कसं? बोर्ड तर कुठं दिसत नाही.

मामा : दिसणार नाही. जाहिरात करायची नाही, हीच आमची रीत. तुझ्या मानसोपचार डॉक्टरला विचार. त्यांना जवळचा ग्रुप माहीत असतो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६, पैसे पडत नाहीत. आमचं देशाचं ऑफिस इथं मुंबईतच आहे, वेबसाइटवर गाववार याद्या असतात. निघायच्या आधी फोन मात्र कर. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते आणि यादीत ते चढलेलं नसतं. मिटिंग ओपन आहे का क्लोज्ड तेही विचार. ओपनला घरचं माणूस नेता येतं, क्लोज्डला फक्त ज्याला सोडायचीय तो.

भाचा : आणि गावात नसलीच तर?

मामा : मोबाइलवर. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, चर्च बंद, तेव्हा आम्ही सत्तरीचे म्हातारे झूम शिकलो. माईक बंद करायला विसरायचो, अर्ध्या मुंबईच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्यात मी. अजून चालतात त्या मिटिंगा, मराठीतसुद्धा. कॅमेरा बंद ठेव, नाव नुसतं पहिलं घाल. पण तेवढ्यावर कायमचं भागवू नको, फोनमधून अर्धा कप देता येत नाही. आणि आमच्यात दोघे-तिघे सोडायच्या इच्छेने जमले तरी तो ग्रुप धरतात. उंब्रजच्या टेबलावर तुझ्यासारखा दुसरा कोणी बसायचा का?

भाचा : एक होता. विमा विकायचा. भला माणूस. तोही म्हणायचा, सर, आता बंद करू या.

मामा : नंबर आहे?

भाचा : आहे. म्हणजे मी त्याला काय सांगू? माझीच अजून...

मामा : बिलने काय सांगितलं असेल?

भाचा : (बऱ्याच वेळाने) आज आहे का कुठं मिटिंग?

मामा : मुंबईत मिटिंग नाही असा दिवस नसतो. साडेसातला आहे, चालत जाऊ.

भाचा : माझ्या अटी आहेत. मी बोलणार नाही.

मामा : नको बोलू. पुष्कळ जण बोलत नाहीत.

भाचा : मी अल्कोहोलिक आहे, असं म्हणणार नाही. माणसाला आजाराचं लेबल लावणं मला तत्त्वतः पटत नाही.

मामा : मी कितीतरी दिवस 'मित्राला सोडायला आलोय' म्हणून सांगत होतो. मित्र कधीच दिसायचा नाही, पण कोणी विचारलं नाही.

भाचा : आणि प्रार्थना सुरू झाली की मी उठून बाहेर जाईन.

मामा : जा की. पण ती शेवटी असते, आणि चहा तिच्याही नंतर.